सातच्या बाया, दोनच्या बाया

गोजरबाईने फोनवर "एकोणीस" म्हटलं की बागायतदार डोळे मिटून एकोणीस कातऱ्या काढून ठेवायचे. मढ गावच्या बाया डिंगोऱ्याकडच्या बागांना कामाला न्यायचं काम ती बावीस वर्षं करत होती, आणि सांगितलेल्या आकड्यात तिने कधी एका बाईचाही फरक पडू दिला नव्हता. गावात लग्न असो नाहीतर मयत असो, आकडा म्हणजे आकडा. बाकी बाई तशी फटकळ, आणि उशिरा येणाऱ्यांची तर हाडवैरीणच.

त्या मंगळवारी दादाभाऊंच्या बागेत द्राक्षाची तोड होती. दादाभाऊ यंदा पंचायत समितीला उभे होते, त्यामुळे बागेत निम्मा माल आणि निम्मे कार्यकर्ते अशी परिस्थिती. सातला एकोणीस बाया कामाला लागल्या. दुपारी कळलं, माल अंदाजापेक्षा जास्त आहे. मग पिकअप परत मढला गेली आणि दोन वाजता क्रेट भरायला आणखी पाच जणी घेऊन आली. त्यांत भागू होती. भागूची सासू अंथरुणाला खिळलेली. तिचं सगळं उरकल्याशिवाय भागूला घराबाहेर पडता यायचं नाही, म्हणून ती कायम दुपारचीच. दुपारच्या बाईला अर्धा रोज, हा इथला रिवाज.

संध्याकाळी दादाभाऊ रोज वाटायला बसले आणि सुरुवातच दोनच्या बायांपासून केली. भागूच्या हातावर त्यांनी अख्खा रोज ठेवला.

"भाऊ, चुकलं तुमचं," भागू म्हणाली.

"न्हाई चुकलं. ठेव."

हे पाहून सातच्या बायांचे चेहरे खुलले. दोनला आलेल्यांना अख्खा, म्हणजे आपल्याला नक्कीच दीड! प्रत्यक्षात त्यांनाही तेवढाच मिळाला. मग काय विचारता!

"आमी काय सकाळधरनं झोपा काढल्या व्हय?" गोजरबाईची सून प्रतिभा कडाडली.

"ठरला तेवढा रोज दिला का न्हाई तुमाला? मग मी माझ्या पदरचं तिला दिलं, तर तुमचं काय गेलं?" दादाभाऊ म्हणाले. आणि क्रेटवर बसून त्यांनी सगळा खुलासा केला. गेल्या वर्षी खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ते एका ख्रिस्ती मिशनच्या दवाखान्यात सोळा दिवस पडून होते. तिथली एक सिस्टर पट्टी बदलताना येशूच्या गोष्टी सांगायची. एक गोष्ट एका श्रीमंत पोराची. येशूने त्याला सांगितलं, आहे ते सगळं विकून गरिबांना वाट आणि मग माझ्यामागं ये. पोरगा तोंड पाडून घरी गेला.

"त्या दिवशी मला जेवण ग्वाड लागलं न्हाई," दादाभाऊ म्हणाले. "एवढी बाग, दोन ट्रॅक्टर. तेवढं काय माझ्याच्यानं व्हणार न्हाई. पण दुसरी गोष्ट द्राक्षाच्या बागेचीच व्हती. मालकानं सकाळी आलेल्यांना आन दिवस मावळताना आलेल्यांना सारखाच रोज दिला. म्हणलं, हे जमंल आपल्याला."

गोजरबाईने सरळ विचारलं, "भाऊ, मतासाठी तर न्हाई ना?"

दादाभाऊंनी टोपी काढली, परत घातली. "खरं सांगू का गोजरबाई? दवाखान्यात असताना समदं कळत व्हतं. आता मलाच कळंना झालंय."

परतताना पिकअपमध्ये नुसता गलका. निम्म्या बाया म्हणत होत्या माणूस देवासारखा आहे. निम्म्या म्हणत होत्या, मढची मतंही याच निवडणुकीत आहेत, आचारसंहिता चालू आहे, दादाभाऊंच्या विरोधात उभ्या असलेल्या रामदासच्या माणसांनी तक्रार केली तर पोलिसांपुढे आपल्यालाच उभं करतील.  भागूच्या हातावर अख्खा रोज पडला तेव्हा गोजरबाईला राग आला होता, आणि राग आला म्हणून आता लाज वाटत होती. चार वर्षं भागूचा रोज अर्धा करा असं तीच बागायतदारांना सांगत आली होती. स्वतःचं कमिशन मात्र तिने भागूमागेही पुरं घेतलं होतं.

"आपण कशाला सातला मरायचं?" प्रतिभा म्हणाली. "उद्या दोनलाच जाऊ."

सगळ्या हसल्या. गोजरबाईलाही ती थट्टाच वाटली.

बुधवारी सकाळी पिकअप देवळापाशी येऊन उभी राहिली, तेव्हा तिथे भागू एकटी होती. शेजारणीला सासूपाशी बसवून ती आली होती. "काल अख्खा रोज घेतला, तर आज अख्खा दिवस नको व्हय द्यायला?" ती म्हणाली. गोजरबाई घरोघर फिरली. एक दात घासत होती, एक पोरीची वेणी घालत होती, आणि प्रतिभा तर घरात निवांत चहा पीत होती. "आत्या, दोनच्या गाडीला येतो ना आमी. रोज तर सारखाच हाय!" गोजरबाईने शिव्या दिल्या, पण त्यात नेहमीचा जोर आला नाही. काय चुकीचं बोलत होत्या त्या? हेच तिला सांगता येईना.

तिने दादाभाऊंना फोन लावला. "भाऊ, एकोणीस सांगितल्या व्हत्या, पण दोघीच येतोय. त्या गोष्टीत दुसऱ्या दिवशी काय झालं व्हतं? कोण आलं का सातला?"



"ते न्हाई सांगितलं सिस्टरनं," दादाभाऊ म्हणाले. "मला डिस्चार्ज मिळाला."

गोजरबाईने स्वतः कातरी हातात घेतल्याला दहा तरी वर्षं झाली असतील. त्या दिवशी घेतली. ती आणि भागू ओळीमागून ओळ तोडत गेल्या. पण उन्हाच्या आत दोन बायकांनी किती तोडायचं? ऊन चढल्यावर तोडलेला माल मऊ पडतो. दोनला बाकीच्या हसतखिदळत उतरल्या, आणि संध्याकाळी व्यापाऱ्याने निम्मे क्रेट बाजूला काढून ठेवले.

तरीही वाटप झालं. दादाभाऊंचा प्रचार सांभाळणारा सोमाजी मोबाइल सरसावून उभा होता. कालची बातमी गावोगाव पसरली होती आणि त्याने रातोरात घोषणा छापून घेतली होती: सातची असो की दोनची, सर्वांना समान रोज! "भाऊ, जरा हसा. मावशी, पैसे घेताना हिकडं बघा," तो सांगत होता. दादाभाऊंनी बाजूला काढलेल्या क्रेटकडे पाहिलं, मोबाइलकडे पाहिलं आणि सगळ्यांना अख्खा रोज दिला. हसायचं मात्र त्यांना जमलं नाही. भागूचे हात द्राक्षाच्या चिकाने काळे झाले होते. तिने पैसे घेतले आणि पिकअपमध्ये जाऊन बसली.

गोजरबाई तिच्याशेजारी बसली. कालपासून ही एकच बाई तिला समजली होती. तिच्याकडूनच काहीतरी नीट उत्तर मिळेल, असं तिला वाटत होतं.

"भागे, तुला राग न्हाई ना आला?"

"आला," भागू म्हणाली. "लई आला. काल मी भाऊला देवमाणूस म्हणत घरी गेले, मावशी. आज तसं म्हणवत न्हाई."

"मग उद्या?"

भागूने खांदे उडवले. "शेजारीण काय रोज बसायची न्हाई. आन बसली तरी मी का यावं सातला?"

 भागूमागे घेतलेल्या कमिशनचं बोलावं असं गोजरबाईच्या ओठांवर आलं, पण तेवढ्यात फोन वाजला. दादाभाऊ. 

"गोजरबाई, अजून तीन एकर उभी हाय. उद्या सकाळी किती?"

तिने एकेकीच्या तोंडाकडे पाहिलं. प्रतिभा बाहेर बघत होती. भागू हातावरचा चीक नखाने खरवडत होती.

"भाऊ," गोजरबाई म्हणाली, "मला न्हाई सांगता येत."