पुढची चाल

कॅनडातल्या केप ब्रेटन बेटावरच्या एका चर्चच्या हॉलमध्ये लॉकी मॅकईकर्न चाळीस वर्षं नाचासाठी फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवत होता, आणि चाळीस वर्षं पियानोवर त्याची बायको मोराग होती. मार्चमध्ये ती गेली. आज, जुलैतल्या रविवारी दुपारच्या नाचाला, तिच्या स्टुलावर शाळेत शिकवणारी एफी बसली होती.

“लॉकीकाका, चालींचा क्रम सांगून ठेवा ना.”

“क्रमबिम नसतो गं. मी वाजवीन, तू मागोमाग ये.”

असंच तो आयुष्यभर म्हणत आला होता.

नाच सुरू झाला. वीस-बावीस जोडपी होती, लाकडी जमीन दणदणायला लागली. पहिली चाल दोनदा वाजवून झाली आणि लॉकीला दरदरून घाम फुटला. पुढची सुचेना. शेकडो चाली यायच्या त्याला. आता डोक्यात एकही नव्हती.

तेव्हा त्याला कळलं. चाल संपत आली की मोराग डाव्या हाताने पुढच्या चालीचा सूर हळूच दाबायची आणि त्याची बोटं आपोआप तिकडे वळायची. त्याला वाटायचं, आपल्यालाच सुचलं. तीही कधी बोलली नाही.

त्याने एफीकडे पाहिलं. ती घाबरून त्याच्याच तोंडाकडे बघत होती.

तीच चाल तिसऱ्यांदा. चौथ्यांदा. पाचव्या वेळी गावातला जॉन अ‍ॅलेक नाचता नाचता ओरडला, “लॉकी, तबकडी अडकली काय रे?”

लोक हसले. आता थांबलो तर एवढे पाय एकदम थांबतील, आणि मग फिडल पुन्हा हातात धरायची आपली छाती होणार नाही, हे त्याला स्वच्छ दिसत होतं.

सहाव्यांदा शेवटची ओळ आली. काय निघेल ते न ठरवताच त्याने गज जोरात ओढला. निघाली ती भलत्याच पट्टीतली एक जुनी चाल. पियानो दोन ठोके गप्प झाला.

“अगं बाई!” म्हणत एफी धडपडत मागून आली.

ही चाल मोरागला मुळीच आवडत नसे. या हॉलमध्ये ती कधी वाजलीच नव्हती. पण नाचणाऱ्यांचा एकही पाय चुकला नाही.

“ही कुठे लपवून ठेवली होतीस रे?” जॉन अ‍ॅलेकने विचारलं.

लॉकीने ऐकलंच नाही. चाल अर्ध्या मिनिटात संपणार होती, आणि त्यापुढची अजून सुचली नव्हती.