दोन ग्रॅम आणि तीन मिलिग्रॅम

चिमट्याची दोन टोके. बेटम्याची काळी माती, रद्दीच्या पुड्यांत बांधलेली. मोरीची जाळी. सराफ्यातल्या सोनाराची फुंकणी. लाल पेन्सिलीतला एक शब्द : ‘पाहिले’. एकोणीस.

मित्रांनो, यांचा एकमेकांशी काय संबंध, असे तुम्हाला वाटेल. संबंध मी आहे. इंदूरच्या एका महाविद्यालयातले दोन ग्रॅमचे जुने पितळी वजन.

आमच्या मखमली पेटीत दोन ग्रॅमची वजने दोन असतात. ओळख पटावी म्हणून एकाच्या माथ्यावर चांदणी कोरतात. ते चांदणीवाले मी. मूळ चांदणीवाले हरवले तेव्हा महायुद्ध चालू होते, विलायतेहून काही येत नव्हते. म्हणून सराफ्यातल्या हरी सोनाराने मला घडवले. सोन्याचे गुंजा आणि मासे तोलण्यात जन्म गेलेल्या त्या माणसाने मला अशी झिलई दिली की पेटीतले माझे जुळे भावंडही फसले. मीही फसले. स्वतःला नेमके दोन ग्रॅम समजून दहा वर्षे दिमाखात बसले.

आम्हाला बोटाने शिवायचे नाही, हे तिथले सोवळे. बोटाचा घाम लागला तरी आमचे वजन बदलते. उचलायचे ते चिमट्यानेच.

मध्यभारत हे वेगळे राज्य होते त्या वर्षांत चारुलता टेंबे तिथे पीएच.डी. करत होती. मल्हारगंजातून पायी यायची. बेटम्याच्या शेतांतल्या मातीत फॉस्फरस किती, हे तिला शोधायचे होते. मातीतून काढलेला साका मुशीत भाजायचा, थंड करायचा, तोलायचा. पुन्हा भाजायचा, पुन्हा तोलायचा. लागोपाठची दोन वजने जुळेपर्यंत सुटका नाही. तिचे मार्गदर्शक दिवाकर मुजुमदार सर रोज वही बघत आणि पानाखाली लिहीत, ‘पाहिले’.

“पाहिले म्हणजे बरोबर नव्हे हं,” असे वर बजावत. ‘बरोबर’ हा शब्द तिला तीन वर्षांत एकदाही मिळाला नाही.

प्रबंध टाइप होऊन आला. महिनाअखेर विद्यापीठात पोहोचला नाही तर वर्ष बुडणार. सरांची सही तेवढी राहिली होती, आणि चारुलता मात्र सात नमुन्यांपाशी अडून बसली. रिकामेपणी एकोणीस ग्रॅमच्या आत भरणाऱ्या ज्या मुशीचे वजन साका घातल्यावर एकोणीसच्या पुढे जाई, तिथेच फॉस्फरस कमी भरे. एकोणीसच का? कारण अठरापर्यंत दहा, पाच, एक आणि माझे भावंड पुरत, मी पेटीत निवांत असे. एकोणीस भरायला मला पारड्यात उतरावे लागे.

तिने एका पारड्यात माझे भावंड ठेवले, दुसऱ्यात मी. पारडे माझ्याकडे झुकले. तीन मिलिग्रॅमने.

“ताईजी, इतके साल चाललंच ना?” प्रयोगशाळेचा शिपाई रघुवीर म्हणाला. “आता राहू द्या. तीन मिलिग्रॅम तो मच्छर पण उचलून नेईल!”

“रघुवीरभिया, माझा अख्खा साका दीडशे मिलिग्रॅमचा. त्यातले तीन मच्छराने नेले तर माझ्याकडे राहिलं काय?”

सरांना सांगितले तर ते भडकलेच.

“वजनांनी तोलतात, चारुलता, वजनं नाही तोलत! माझा स्वतःचा प्रबंध याच पेटीवर झालाय, माहीत आहे ना?”

“आहे, सर.”

“मग?”

“तुम्हीच सांगता ना, सर. पाहिले म्हणजे बरोबर नव्हे.”

 सरांनी चिमटा घेतला आणि आमची पारडी बदलली. मी जिकडे, पारडे तिकडे. पाच वेळा करून पाहिले.

“सही करत नाही,” ते म्हणाले. “सातही नमुने पहिल्यापासून.”

“आणि महिनाअखेर?”

“ती पुढच्या वर्षी पण येते.”

मग लाल पेन्सिल काढून त्यांनी तिच्या वहीत, तो फरक तिने टिपला होता त्या पानाखाली लिहिले, ‘बरोबर’. त्याच संध्याकाळी विद्यापीठाला पत्रही घातले : माझ्या प्रबंधातील तीन तक्ते दुरुस्त करावेत.

चारुलताचे वर्ष बुडाले. घरी बोलणी खावी लागली ती वेगळीच. पुढच्या वर्षी तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. वही चाळता चाळता ते नेमके त्या पानावर थांबले.

“म्हणजे तुमच्या पेटीत खोटं वजन होतं?”

“होतं नाही सर, आहे. अजून त्यानेच तोलते. पण ते तीन मिलिग्रॅमने जास्त आहे हे मला माहीत आहे. मग खोटं कसं?”

परीक्षकांनी वही मिटली. “मुजुमदार, चहा मागवा,” ते म्हणाले. “डॉक्टर टेंबेंसाठी पण.”

माझ्या खणाशेजारी तिने चिठ्ठी चिकटवली : ‘चांदणी – ३ मि.ग्रॅ. अधिक’. मित्रांनो, दहा वर्षांच्या दिमाखात मिळाला नव्हता तेवढा मान मला त्या चिठ्ठीने दिला. आता विजेवरचे तराजू आले आहेत. आमची पेटी कपाटात असते, मखमल विरली आहे, चिठ्ठी पिवळी पडली आहे. खुशाल तिथेच ठेवा. पण कधी बाहेर काढलेत तर चिमट्याने उचला, आणि माझ्यावर विश्वास टाकण्याआधी एकदा मलाही तोला. मी रागावणार नाही.

मूळ चांदणीवाले वजन मोरीत पडले, ते बोटांनी उचलताना निसटून. बोटे मुजुमदार सरांची होती.