मस्कतहून पावणेतीन तास

उत्तमचा फोन आला तेव्हा मंदा मांडवात पाहुण्यांना चहा देत होती. उत्तम हा तिचा धाकटा भाऊ, मीरा रोडच्या हॉस्पिटलात विठूच्या उशाशी बसलेला. विठू म्हणजे तिचा थोरला दीर, आठवडाभर छातीच्या दुखण्यानं आडवा पडला होता. "ताई, विठूदादा गेले," उत्तम म्हणाला. मंदा ट्रे खाली ठेवून मुकाट न्हाणीत शिरली आणि आतून कडी लावली.

संध्याकाळी पावणेसातला तिच्या थोरल्या मुलीचा, संचिताचा मुहूर्त होता. हे लग्न आधीच एकदा सुतकानं पुढं गेलं होतं. पुन्हा तारीख पुढं गेली तर आम्ही दुसरी मुलगी बघू, असं मुलाकडच्यांनी तेव्हाच सुनावलं होतं. देवक बसलं की सुतक लागत नाही म्हणतात, आणि म्हणणाऱ्याचं काय जातं! सख्खा भाऊ हॉस्पिटलात थंड पडलेला असताना पंढरीनाथ अक्षता टाकायला उभा राहिला नसता. एवढं मंदा नवऱ्याला ओळखून होती. तिनं उत्तमला शपथ घातली, लग्न लागेपर्यंत कुणाला बोलायचं नाही.

राहिला निकेत. विठूचा एकुलता एक मुलगा, मस्कतला नोकरीला, बहिणीच्या लग्नासाठी नुकताच विमानात बसलेला. उतरलो की आधी दादांना भेटतो, मग चौक गावी मांडवात येतो, असं त्यानं सकाळीच कळवलं होतं.

मंदानं धाकट्या रुचिताला फोनवर बघायला लावलं. जवळजवळ सोळाशे किलोमीटर, पावणेतीन तास, साडेपाचला उतरेल. इतकी वर्षं मस्कत लांब म्हणून मंदा कुरकुरायची. आज तिला वाटलं, ते अमेरिकेएवढं लांब असतं तर बरं झालं असतं. तिनं पुन्हा पुन्हा विचारलं तशी रुचिता हसली. विमान काय होडी हाय, वारा पडला म्हणून थांबायला, म्हणाली.

मग मंदानं उत्तमला आणखी एक गोष्ट सांगितली, ती मात्र वाईट. निकेतचा फोन आला तर वॉर्डात सोडत नाहीत म्हणायचं, त्याला सरळ मांडवात धाडायचं. म्हणजे बाप गेलेला पोरगा बेंजोवर नाचणार आणि ही बघणार. बोलून झाल्यावर तिला स्वतःचीच किळस आली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार होता, आणि बुक्क्या मारणारी तीच. तरी तिनं शब्द मागं घेतला नाही.

साडेपाच वाजून गेले. सहाच्या सुमारास पंढरीनाथच्या खिशात फोन वाजला आणि त्यानं निकेतचं नाव घेतलं. मंदा त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली. पंढरीनाथ ऐकत राहिला, मग चरफडला. विमान मस्कतलाच अडकलंय, पोरगा रात्री पोचेल म्हणतो. तुझ्याशी बोलायचंय त्याला, म्हणत त्यानं फोन पुढं केला.

पलीकडून हायवेवरचे हॉर्न ऐकू येत होते.

"काकी, उत्तममामानं सांगितलं," निकेतचा आवाज फाटला होता. "मी दादांजवळ जाऊन बसतो. संचूवर अक्षता पडू दे. तवर माझं विमान मस्कतलाच हाय."

मंदाला सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटलं म्हणून मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पंढरीनाथनं फोन परत घेतला आणि नंबर शोधू लागला. "दादाला सांगतो, पोरगा रात्री येतोय. न्हायतर वाट बघत जागा ऱ्हाईल."

मंदानं त्याचा हात धरला.

"झोपलेत ते," ती म्हणाली. "नका उठवू."