शांत राहण्याची शिक्षा

त्यांच्या लॉन्ड्रीतल्या वाफेच्या प्रेसचा पाइप गळतोय, हे ती नवऱ्याला कधीपासून सांगत होती. "तुला प्रत्येक गोष्टीचा बाऊ करायची सवयच आहे," असं म्हणून तो काउंटरवर जाऊन बसायचा. एका सकाळी ती ओल्या चादरी प्रेसखाली सरकवत असताना पाइप फुटला आणि तिचा उजवा हात कोपरापर्यंत भाजून निघाला.

इस्पितळातून घरी सोडलं, पण ड्रेसिंगला दिवसाआड जावं लागे. भाजणं परवडलं, पण ते ड्रेसिंग नको, असं तिला व्हायचं. जखमेला चिकटलेली जाळी नर्स भिजवून भिजवून सोडवायची आणि हिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. वेदना कमी करायच्या गोळ्या होत्या, पण जास्त दिल्या की उलट्या थांबत नसत. एकदा ती टेबलावरच शुद्ध हरपून पडली. तेव्हा भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई तिच्याशेजारी येऊन बसल्या.

"ताई, आपण संमोहन करून बघू या. ही जादू नाही आणि झोपही नाही. मी फक्त तुमचं लक्ष दुसरीकडे नेते. गोळ्या चालूच राहतील, हे त्यांच्या जोडीला."

"मी भलतंसलतं बोलून नाही ना जाणार?"

"बोललात तरी माझ्या पोटात राहील."

अपघातानंतर ती पहिल्यांदाच हसली.

तिला डोळे मिटायला सांगून डॉक्टरीणबाई संथ आवाजात बोलत राहिल्या. तिचा हात माहेरच्या टाक्यातल्या गार पाण्यात बुडाला, बोटांपासून वर वर बधिर होत गेला. चिमटा लागलेला तिला कळत होता, पण तो दुसऱ्याच कुणाला तरी लागत असावा तसा. ड्रेसिंग झालं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं, सुटल्याचं.

नवऱ्याने हे सगळं दारातून बघितलं होतं. घरी येताना तो म्हणाला, "म्हणजे डोळे मिटले की दुखत नाही?"

"दुखतं हो. पण लांब कुठेतरी."

"लांब म्हणजे नाहीच की!"

घरात पाऊल टाकल्या टाकल्या त्याने आईला सांगितलं, "आई, आज डॉक्टरांनीच दाखवून दिलं. सगळं हिच्या डोक्यात होतं."

सासूबाई इतके दिवस तिची वेणी घालत होत्या, तिला भरवत होत्या. त्यांनी हातातला कंगवा खाली ठेवला. "आणि मी वेडी, हिचं सगळं करत बसले," एवढंच म्हणाल्या.

सवय लागेल म्हणून गोळ्या कपाटात वर गेल्या. दुसऱ्या दिवसापासून तिला लॉन्ड्रीत डाव्या हाताने कपड्यांना चिठ्ठ्या लावायला बसवलं.

"अहो, फार ठणकतोय हात. एक गोळी तरी द्या."

"मग मीट ना डोळे," तो म्हणाला. त्याने वर मानही केली नाही.

तिने मिटूनही पाहिले. पण गोळीचा आधार नाही, डॉक्टरीणबाईंचा आवाज नाही, हातावरची जखम पेटलेली. टाकं डोळ्यांपुढे यायचं, पण त्यात पाणी नसायचं. मग आपलंच काहीतरी चुकतंय, असं तिला वाटू लागलं आणि ते ठणक्याहून वाईट होतं.

पुढच्या ड्रेसिंगला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चला ताई, डोळे मिटा."

"नको."

"का? गेल्या वेळी किती छान जमलं होतं."

"म्हणूनच नको. ते आणि आई बाहेर बसलेत ना? दार उघडं ठेवा."

नर्सने जाळीला हात लावला आणि ती ओरडली. डॉक्टरीणबाई कानाशी वाकून विनवत होत्या, "ऐका माझं, कशाला असा जीव काढताय?" आज त्या आवाजामागे जाणं तिला जमलं असतं. ती गेली नाही. छतावरच्या ट्यूबलाइटकडे टक लावून, घसा बसेपर्यंत ओरडत राहिली. त्यातली एकही किंकाळी खोटी नव्हती.

बाहेर सासूबाई पदर तोंडाला लावून रडत होत्या. नवऱ्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. तिच्याकडून कळल्यावर डॉक्टरीणबाईंनी बाहेर येऊन त्याला विचारलं, "गोळ्या कुणी बंद केल्या?"

त्याच संध्याकाळी गोळ्या खाली आल्या. सासूबाईंनी मऊ हाताने वेणी घातली. चिठ्ठ्यांचं नाव कुणी काढलं नाही.

"आता घरचे समजून घेतात ना?" डॉक्टरीणबाईंनी नंतर विचारलं. "मग आता तरी मिटाल डोळे?"

"मी शांत झाले की बरी झाले, असंच धरतात आमच्याकडे," ती म्हणाली. "तुमची विद्या चांगली आहे, मॅडम. ज्यांच्या घरात विश्वास ठेवतात, त्यांना द्या."

डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याला दोनदा बोलावून समजावलं. त्याने दोन्ही वेळा मान डोलावली. तिने मात्र शेवटच्या ड्रेसिंगपर्यंत डोळे उघडेच ठेवले.

हात बरा झाला, पण मूठ पुरती वळत नाही. ओळखीचं गिऱ्हाईक आलं की नवरा हटकून सांगतो, "काय ओरडायची हो! ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. पण आम्ही तिला फुलासारखं जपलं." गिऱ्हाईक हळहळून तिच्याकडे बघतं. ती डाव्या हाताने गठ्ठा पुढे सरकवते आणि म्हणते, "कपडे मोजून घ्या."