थांबायच्या जागा

अ‍ॅप हलकं हवं, हे साहेबांचं पालुपद. ते बरोबरच होतं म्हणा. ज्या मुलांसाठी आम्ही हे गणिताचं अ‍ॅप बनवत होतो त्यांच्या घरात मोबाइल एकच, तोही जुना, काच तडकलेला, आणि आत सगळ्या गोतावळ्याचे फोटो कोंबलेले. जागा कमी पडली की घरातलं मोठं माणूस आधी गणित उडवतं, मावसभावाच्या लग्नाचा व्हिडिओ नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

म्हणून मी शांतता काढून टाकली. आवाज कापायच्या प्रोग्रॅममध्ये तशी सोयच असते. जिथे कुणी बोलत नाही तो तुकडा आपोआप गळतो. मी सगळे धडे निवडले, बटण दाबलं आणि चहा आणायला गेले. परत आले तर अ‍ॅप जवळजवळ निम्मं झालेलं. ऑफिसच्या कंप्युटरवरही जागेची बोंब होती, म्हणून नव्या फायली जुन्यांवरच सेव्ह केल्या. बोका खूश झाला. बोका म्हणजे आमचा प्रोग्रॅमर. ऊन सरकेल तसा टेबल बदलत बसतो, म्हणून बोका.

धड्यांमधला आवाज माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा. अक्का बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांना शिकवायची. रेकॉर्डिंग आम्ही घरीच केलं. खोलीत आवाज घुमायचा, म्हणून ती कपड्यांच्या कपाटात तोंड घालून बोलायची आणि मी बाहेरून तिच्या तोंडाशी मोबाइल धरून उभी. पुढच्या पुढच्या धड्यांत आवाज घोगरा होत गेला. खडूची धूळ, ती म्हणाली. मीही म्हटलं, धूळच. धूळ नव्हती. डॉक्टरांनी गाठीबरोबर स्वरयंत्रही काढलं. अक्का वाचली, आवाज गेला. गळ्याशी आता एक छिद्र आहे, त्यावर ती पातळ रुमाल बांधते. मला हाक मारायची असली की ताटलीवर चमचा वाजवते.

मला काहीच वाटत नव्हतं. डॉक्टर सांगत होते तेव्हा त्यांच्या शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात गेलंय, एवढंच मी बघत होते. डोळ्यांतून टिपूस नाही. लोक म्हणाले, किती खंबीर आहेस गं. कसली खंबीर! खुर्चीवर बसून पाय बधिर व्हावा तसं सगळं झालं होतं. उठायचं, डबा भरायचा, ऑफिसला जायचं, यायचं. अक्का ओठ हलवून बोलायची आणि थोडं लक्ष दिलं की कळायचंही. मी ताटाकडे बघत जेवायचे. हळूहळू घरात मीही बोलेनाशी झाले. एका घरात दोन पाहुण्या राहाव्यात तशा आम्ही राहत होतो.

एकच गोष्ट मी धरून बसले होते. अ‍ॅपमधला अक्काचा आवाज जाता कामा नये. घरच्या व्हिडिओंमध्ये आम्ही सगळे हसतो-बोलतो आणि अक्का कॅमेऱ्यामागे गुपचूप. तिचं बोलणं कुठे उरलं असेल तर या धड्यांतच. आणि साहेबांना नेमका तो बदलायचा होता. अपूर्णांकांचे धडे अजून व्हायचे होते, ते अक्का बोलणार कशी? अर्ध्या अ‍ॅपला एक आवाज, अर्ध्याला दुसरा, हे काही बरं दिसत नाही. कंप्युटरचा तयार आवाज मिळत होता, स्पष्ट, न थकणारा. मी हट्टच धरला तेव्हा साहेब म्हणाले, "आधी चाचणी घेऊ. मुलांना जमलं तर बघू."

चाचणी मजुरांच्या वस्तीजवळच्या एका हॉलमध्ये झाली. जमिनीवर सतरंज्या, दोन-दोन मुलांत एक मोबाइल. अक्काच्या आवाजाने विचारलं, "सात आणि आठ किती?" आणि लगेच तीच म्हणाली, "पंधरा! शाब्बास!"

मुलांची तोंडं उघडायचीच होती. पुढचा प्रश्न, पुढचं शाब्बास. उत्तर कुणी दिलंच नव्हतं आणि अक्का हॉलभर शाब्बासक्या वाटत सुटली होती. थोड्या वेळाने मुलांनी प्रयत्नच सोडला. एक जण सतरंजीचे दोरे उपटायला लागला. बुटाची नाडी तोंडात धरलेली एक मुलगी माझ्याकडे वळली.

"ताई, या बाईंना कुठे जायचंय का?"

"का गं?"

"मग एवढी घाई कसली?"

साहेबांनी ते ऐकलं. परतताना गाडीत म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका, पण या आवाजात दम नाही. मुलं रमली नाहीत. पुढच्या चाचणीला नवा आवाज लावू." आवाजाचा दोष नव्हता, शांतता मी कापली होती, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान डोलवली, पण बेत तोच ठेवला. बोका मागच्या सीटवरून म्हणाला, "शांतता साठवायची कशाला? प्रश्नापुढे एक आकडा टाकू, तेवढा वेळ अ‍ॅप गप्प. आकड्याला काय वजन असतंय! सगळीकडे पाच सेकंद ठोकून देतो."

पाच सेकंद ठोकलेले धडे घेऊन मी घरी आले. ते अक्काला ऐकवावे लागणार होते. आवाज गेल्यापासून मी तिला ते कधी ऐकवले नव्हते आणि तिनेही मागितले नव्हते. पण आवाज बदलायचा तर तिला न सांगता कसा बदलायचा? रविवारी सकाळी कंप्युटर जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि मी सुरू केलं.

अक्का स्वतःचा आवाज ऐकत बसली. मी तिच्याकडे बघायचं टाळलं. मग टेबलावर चापट बसली. मला वाटलं, सहन होत नाहीये, म्हणून बंद करायला गेले. तिने माझा हात धरला. ओठांनी म्हणाली, "चुकलंय."

"काय चुकलंय?"

तिने परत पहिला प्रश्न लावायला सांगितला. दोन आणि दोन किती. तिचा पंजा वर गेला आणि लगेच खाली आला. इथे पाच सेकंद थांबलात तर पोरं एकमेकांना चिमटे काढतील, हे तिने मला चिमटा काढून सांगितलं. सात आणि आठला पंजा वर गेला आणि वरच राहिला. तिची नजर समोरच्या भिंतीवर, एकेका चेहऱ्यावरून फिरावी तशी. डाव्या कोपऱ्यात कुणीतरी बोटं मोजत असावं, कारण तिकडे बघून ती थोडी हसली. मग पंजा खाली.

मला काम कळलं. पंजा वर गेला की मी एक बटण दाबायची, खाली आला की दुसरं, आणि मधला वेळ त्या प्रश्नापुढे लिहायची. दुपारचं जेवण राहून गेलं. वजाबाकीत ती जास्त थांबायची. एकदा पंजा खाली यायला लागला आणि मध्येच पुन्हा वर गेला. कुणाला तरी आत्ता कुठे सुचत होतं. किती तरी दिवसांनी मी तिच्याकडे इतका वेळ बघत होते.

शेवटचा धडा झाल्यावर मी तिला सांगून टाकलं. "साहेब तुझा आवाज काढणार आहेत. मी होऊ देणार नाही. काढला तर मी नोकरी सोडते."

अक्काने कपाळाला हात लावला. मोबाइल घेतला, बराच वेळ टाइप केलं आणि माझ्यापुढे धरला.

"काढू दे. घोगरा आहे, मलाच ऐकवत नाही. आणि अपूर्णांक कोण शिकवणार, तुझी आजी? नवा लाव. फक्त मी थांबले तिथे त्याला थांबव."

मला तिचा राग आला. इतके दिवस मी तो आवाज जिवापाड जपला आणि ही बया तो जुन्या पायपुसण्यासारखा दाराबाहेर टाकत होती. मी उठून ताटल्या काढल्या. तिने चमचा वाजवला. अपूर्णांकांचे प्रश्न आण, असं तिला म्हणायचं होतं.

पुढची चाचणी त्याच हॉलमध्ये. नवा आवाज गुळगुळीत होता, कुणाचाच नव्हता. त्याने विचारलं, "सात आणि आठ किती?" आणि तो गप्प झाला.

हॉलही गप्प झाला. साहेब माझ्या कानाशी वाकले. "अडकलं का हो?" त्यांचा हात मोबाइलकडे निघाला.

"थांबा," मी म्हणाले. फारच मोठ्याने म्हणाले असणार, कारण बोका दचकला. माझा पंजा वर होता. तो कधी गेला मला कळलं नाही.

नाडीवाली मुलगी बोटं मोजत होती. बोटं संपली, तिने पुन्हा पहिल्यापासून धरली. शेजारचा मुलगा ओठ हलवत होता. अजून कुणी बोलत नव्हतं. ही अक्काची वेळ होती, तिने टेबलाशी बसून भिंतीकडे बघत दिलेली. तीच या मुलांना मिळत होती.

"पंधरा," मुलगी म्हणाली.

"पंधरा. शाब्बास," तो आवाज म्हणाला.

माझा पंजा खाली आला आणि मी रडायला लागले. हुंदके देऊन, नाक गळेपर्यंत, साहेबांच्या देखत. मुलगी घाबरून माझ्याकडे बघत होती.

"ताई, बरोबर आलं ना?"

मी मान हलवली.

"मग?" ती म्हणाली.