द्रौपदीबाईंची दाढ आणि ती गॅसची गाडी

मित्रांनो, मी अंधेरीतल्या डॉक्टर गंधालीच्या दवाखान्यातली जुनी खुर्ची आहे. हाड लोखंडाचं, अंगावर निळं रेक्झिन. दात काढताना माझ्या मांडीवर भलेभले मिशीवाले रडलेत. मी कुठे बोलले नाही. "खुर्ची मात्र आरामाची हं," एवढं कुणी म्हटलं की माझा दिवस मजेत जायचा.

मग ती आली. गॅसची गाडी. दोन नळकांडी, नाकावर लावायची नळी आणि नखरा केवढा. तिचा गॅस हुंगला की भीती उतरते म्हणे. तिला मऊ फडकं, तिचंच कौतुक. मी जळले, लपवायचं कशाला?

एकदा खारदांड्याच्या द्रौपदीबाई आल्या, मासळी विकणाऱ्या. दाढ किडून गाल सुजलेला, पण सुई दिसली की पळायच्या. "मला पुरती झोपवा," असा त्यांचाच हट्ट. भूल देणारे डॉक्टर बोलावले होते. मी खूश. आज गाडी कोपऱ्यात बसणार.

"मावशी, काही खाल्लं नाही ना?" गंधालीनं विचारलं.

"नाय गो बाय."

"खोटं कशाला, आई?" सून कल्पिता म्हणाली. "निघताना वाटीभर पेज प्यायलात."

"मग? मोठ्या कामाला रिकाम्या पोटी निघू?"

भूलवाले डॉक्टर हसले नाहीत. "झोपेत ती पेज उलटून श्वासात गेली तर जिवावर बेतेल. आज झोपवायचं नाही."

"चला, सुटले," म्हणत बाई उतरू लागल्या.

"पू वाढतोय, मावशी," गंधालीनं त्यांना अडवलं. "एवढ्या गाढ झोपेची तुम्हाला गरजच नाही. थोडा गॅस, मग हिरडीत इंजेक्शन. जाग्या राहाल. नको वाटलं तर हात वर करा, मी थांबेन."

झालं. गाडी माझ्या उशाशी. बाईंचे खांदे सैल पडले. सुई आली, तरी त्या पळाल्या नाहीत. दाढ निघाली.

उठल्यावर बाईंनी गाडीला थोपटलं. "गुणाची हाय गो ही."

मला एक शब्द नाही. असू दे. भीती तिनं उतरवली असेल, पण दाढ हलली तेव्हा बाईंनी गच्च धरला तो माझा हात. त्यांच्या नखांनी रेक्झिन फाटलंय, या आणि बघा.

म्हणून सांगते मित्रांनो, डॉक्टर विचारतील ते खरं सांगा, आणि झोप किती हवी ते त्यांना ठरवू द्या. गाडीचं कौतुक करायचं तर करा. पण जाताना माझ्या हाताला एक टाका घालायला सांगा. उद्या तिथे तुमची बोटं येतील.