गुण्यातली गिटार

ऐक ना यार, मध्ये काही विचारू नको, आधी फक्त ऐक. जळगावचा हसनैन, तो पाइपच्या कंपनीत शिफ्टला जातो बघ, त्याने गिटार बनवली. विकत घेतली नाही, बनवली! आणि साधीसुधी नाही, दोन मानांची. अंग एकच, त्यातून वर बारा तारांची मान आणि खाली सहा तारांची. इलेक्ट्रिक. कुणासाठी, तर धुळ्याच्या भूपेंद्रसाठी. दोघांची दोस्ती कॉलेजपासूनची. भूपेंद्र गातो, हा वाजवतो. भूपेंद्रने एक गाणं बसवलं, त्यात सुरुवातीला बारा तारांचा घुमणारा आवाज पाहिजे आणि मध्येच पटकन सहाचा. आता स्टेजवर एक गिटार उतरवायची, दुसरी गळ्यात घालायची, तोवर पब्लिक मोबाइल काढून बसते. हसनैन बोलून गेला, "थांब, मी एकच बनवतो, दोन्ही त्यातच." बोलला आणि फसला.

सव्वा वर्ष लागलं त्याला. सुटीच्या दिवशी, घराच्या ओट्यावर, अब्बांच्या हत्यारांनी. अब्बा म्हणजे रमजान मिस्त्री. चाळीस वर्षं सुतारकाम केलेला माणूस. त्यांचा एकच कायदा, काम गुण्यात पाहिजे. गुण्या माहितीये ना, सुतारांचा तो काटकोन? दार असो, पलंग असो, गुण्या लावून बघायचे आणि केसभर फरक दिसला की उपसून परत बसवायचे. पण दीड वर्षापूर्वी अब्बांच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात थरथरतो. तेव्हापासून हत्याराला हात नाही. ओट्यावर खुर्ची टाकून बसायचे आणि हसनैनला टोमणे मारायचे.

"बेटा, बाळ व्हायच्या आधीच पाळणा करतोयस का?"

"गिटार आहे अब्बा."

"दोन माना कशाला? एक वाजवता येत नाही म्हणून?"

हा हसायचा आणि कामाला लागायचा. लाकूड पण अब्बांच्याच जुन्या साठ्यातलं, पलंगाच्या उशाकडची उरलेली सागवानी फळी. इंटरनेटवर बघून बघून त्याने माप काढलं, अंग कापलं, माना तासल्या, त्यांवर सुरांच्या पट्ट्या ठोकल्या, वायरिंगसाठी मागून पोखरलं. आणि आता इथे लक्ष दे. या गिटारीच्या माना अंगात सरळ बसत नाहीत. मुद्दाम थोड्या मागे कललेल्या ठेवायच्या असतात, कारण तारा ज्या ब्रिजवरून जातात तो उंच असतो. मान मागे कलली तरच तारा तिच्या अंगासरशी राहतात, बोटाने दाबता येतात. म्हणून मान अंगात जिथे बसते त्या खाचेचा तळच हसनैनने उतरता कापला होता. चार वेळा चुकला, पाचव्यांदा जमलं. माना नुसत्या बसवून ठेवल्या, चिकटवायच्या बाकी. पण हे अब्बांना त्याने सांगितलंच नाही. सांगायचं काय, ते तर पाळणा म्हणत होते!

आणि मग तो दोन दिवस अमळनेरला गेला, मावसभावाच्या साखरपुड्याला.

परत आला तर अब्बा ओट्यावर उभे. खुर्ची रिकामी, अब्बा उभे! अंगभर लाकडाचा भुसा. अम्मी, म्हणजे कनीज चाची, दारातूनच म्हणाली, "दोन दिवस जेवायला हाका मारमारून थकले मी. किती महिन्यांनी असं बघितलं त्यांना." बोलता बोलता तिने पदर डोळ्याला लावला.

"इकडे ये," अब्बा म्हणाले. "सगळं झकास केलंस. मी उगाच चेष्टा करायचो. पण हे काय रे, दोन्ही माना मागे पडलेल्या! गुण्या लावला तर तीन सूत फरक! म्हटलं, पोराच्या नजरेतून सुटलं असेल."

हसनैनने बघितलं. माना सरळ. एकदम सरळ. खाचेच्या उतारात अब्बांनी सागाची पातळ पाचर भरली होती, इतकी सफाईदार की सांधा कुठे आहे ते नखाला लागत नव्हतं. वर फेविकॉल. आणि वरून आरपार बांबूच्या खुंट्या, एकेका मानेला चार चार.

"डाव्या हाताने पटाशी धरली," अब्बा म्हणाले. "पहिले दोन तास हात ऐकेना. मग ऐकायला लागला. हा जोड तुझ्या नातवाच्या पण हातून सुटायचा नाही."

यार, हसनैनच्या तोंडातून काय निघालं माहितीये? "शुक्रिया, अब्बा." बस.

दुसऱ्या दिवशी कंपनीतून आला, तारा चढवल्या. व्हायचं तेच झालं. वरच्या टोकाला तारा ठीक, पण अंगाकडे येता येता बोटभर वर. दाबायला जावं तर बोटं कापली जातात, आणि दाबलीच तर सूर भलतीकडेच पळतो. ब्रिजचे स्क्रू पार तळापर्यंत उतरवले. फरक नाही. ब्रिज लाकडात खाली बसवावा, तर मागून वायरिंगसाठी आधीच पोखरलेलं, आरपार भोक पडेल. राहता राहिली करवत. माना कापून काढायच्या, नव्या करायच्या. म्हणजे काही महिने गेले. आणि भूपेंद्रच्या बहिणीची, दिपमालाची हळद रविवारी, ते गाणं तिथेच वाजवायचं!

भूपेंद्रचा फोन. "काय भाई, झाला का आपला दोन तोंडांचा साप?"

"झाला."

"वाजतोय ना?"

"या गाण्याला माझी जुनीच आणू का रे? म्हणजे सेफ..."

"डोकं फिरलं का? मी इकडे सगळ्यांना सांगून बसलोय! दिपू तर म्हणते, नवरदेवापेक्षा गिटार बघायला लोक येतील."

आता हसनैनने ठरवलं, आज अब्बांना सांगायचंच. सांगायला ओट्यावर गेला, तर अब्बा डाव्या हाताने रंधा मारत बसलेले. शेजारच्यांचा एक चौरंग घेतला होता दुरुस्तीला. मान वर न करता म्हणाले, "बोल." हा म्हणाला, "चहा आणू का?" असं तीनदा झालं. तीन वेळा चहा झाला!

शुक्रवारी अब्बांनीच जाहीर केलं, "रविवारी मी पण येतो धुळ्याला. माझ्या जोडाचा आवाज ऐकायचाय." अम्मीने पांढरा कुर्ता इस्त्रीला पाठवला. दीड वर्षात दवाखाना सोडून माणूस कुठे गेला नव्हता. कोण नको म्हणणार?

रविवारी सकाळची धुळ्याची एसटी. अब्बा खिडकीशी, गिटार मांडीवर उभी, अम्मीने शिवलेल्या गोधडीच्या कापडाच्या पिशवीत, तिच्यातून दोन माना वर. हसनैनने हिशोब केला, एरंडोल येईपर्यंत सांगतो. एरंडोल गेलं. पारोळ्यापर्यंत सांगतो. पारोळ्याला उखर्डू नाना म्हणून एक म्हातारे चढले आणि समोरच्या सीटवर उलटे वळून अहिराणीत विचारायला लागले.

"भाऊ, हाई काय शे? दोन मुंडीनं वासरू शे का?"

अब्बा खदाखदा हसले. किती दिवसांनी! "गिटार शे, नाना. मना पोऱ्यानी बनाडी. जोड मना शे." पोराची गिटार, बापाचा जोड!

"आसं? मंग वाजाडी दखाड ना!"

अब्बांनी पिशवी उतरवून गिटार हसनैनच्या हातात दिली. अख्खी गाडी वळून बघतेय. मग हसनैनने काय केलं, बारा तारा अशा जुळवल्या की न दाबता, नुसत्या मोकळ्या छेडल्या तरी एक सूर बनेल. आणि छेडल्या. स्पीकर नाही, गाडीची खडखड, ऐकू किती येणार? पण अब्बांनी कान लाकडाला लावला, डोळे मिटले.

"बठ्ठं बेस शे," उखर्डू नाना म्हणाले, म्हणजे सगळं झकास.

"ऐकलंस?" अब्बा म्हणाले. "लाकूड बोलतंय. मान तिरपी असती तर बोललं असतं का?"

आता सांग म्हणून मनात कुणीतरी ओरडत होतं. हसनैन म्हणाला, "अब्बा, ते मानेचं..." अब्बांनी त्याच्या गुडघ्यावर तो उजवा, थरथरणारा हात ठेवला. "मला माहितीये तू काय म्हणणार. आभार मानू नको. बापाचे आभार मानतात का?"

आणि धुळ्याचा स्टँड आला.

भूपेंद्र समोरच उभा, कपाळाला हळद लागलेली. पळतच आला, अब्बांच्या पाया पडला, आणि अब्बांनी स्वतःच्या हाताने गिटार त्याच्या हातात ठेवली. "घे बेटा. हसनैनने बनवलीये. माना मी बसवल्या." भूपेंद्रने ती डोळ्यांसमोर आडवी धरली, जाणकार मानेवरून नजर टाकतात तशी एक डोळा मिटून. त्याचं हसू तसंच राहिलं, नुसतं थिजलं. त्याने बोटाने एक तार दाबून बघितली. परत दाबली. मग हळूच हसनैनकडे बघितलं.

अब्बा भूपेंद्र काय म्हणतो ते ऐकायला थांबलेले, त्याच्या मागोमाग आता तेही हसनैनकडेच बघतायत, कुर्त्याची इस्त्री अजून मोडलेली नाही. मंडप तयार, माइक लागलेला, हातात उरलाय अर्धा दिवस. दोघंही याच्या तोंडाकडे बघतायत.

यार, खरं सांग, तिथे हसनैनच्या जागी तू काय केलं असतंस?